बोली झाकलेली, भाव उघड

२००८ च्या जानेवारीत डेन्मार्कमधल्या सुमारे १२०० शेतकऱ्यांनी एका लिलावात भाग घेतला. लिलावाला धान्य नव्हतं की जमीन नव्हती. साखर कारखान्याला बीट पुरवण्याचे हक्क होते. कोणाला ते विकून मोकळं व्हायचं होतं, कोणाला आणखी हवे होते. कोणत्या भावाला किती टन देऊ किंवा घेऊ, हे प्रत्येकाने कळवलं. सुमारे अर्धा तास हिशोब चालला, एक भाव जाहीर झाला आणि जवळपास २५,००० टनांचे हक्क या हातातून त्या हातात गेले.

कोणी काय बोली लावली, हे मात्र लिलाव चालवणाऱ्यांपैकी एकालाही कळलं नाही. साखर कंपनीला कळलं नाही, शेतकऱ्यांच्या संघटनेला कळलं नाही, हिशोबाची पद्धत बसवून देणाऱ्या संशोधकांनाही कळलं नाही. बोली न बघता भाव काढला गेला. लोकांची गोपनीय माहिती कामाला लावायची, पण ती कोणाच्याच हाती पडू द्यायची नाही, हे खऱ्या पैशांच्या व्यवहारात आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच घडत होतं.

तोवर बहुतेक संस्थांचा भर एकाच उपायावर होता. नावं खोडायची आणि उरलेली माहिती पुढे द्यायची. रुग्णालयं, विमा संस्था, सरकारी खाती, सगळीकडे हाच रिवाज. दिसायला तो समंजस होता, खर्चाचाही नव्हता. तो किती कच्चा आहे, हे एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने अमेरिकेत दाखवून दिलं.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा 'ग्रुप इन्शुरन्स कमिशन' ही संस्था पाहते. १९९० च्या दशकात तिच्याकडे सुमारे १,३५,००० कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वैद्यकीय नोंदी होत्या. डॉक्टरांकडची एकेक भेट, निदान, उपचार, औषधं, सगळं त्यांत होतं. संस्थेने नावं आणि पत्ते काढून टाकले आणि उरलेल्या नोंदी संशोधकांना दिल्या, उद्योगांनाही विकल्या. जन्मतारीख, लिंग आणि आपल्या पिन कोडसारखा झिप कोड तेवढा तसाच ठेवला. ते ठेवण्यामागे कारण होतं. कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणता आजार वाढतो आहे हे शोधायचं, तर या तीन गोष्टींशिवाय अभ्यास पुढे सरकत नाही.

राज्याचे गव्हर्नर होते विल्यम वेल्ड. १८ मे १९९६ रोजी बेंटली कॉलेजच्या पदवीदान समारंभात ते कोसळले आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. अर्थातच बातमी झाली. एमआयटीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या लटानिया स्वीनी यांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न आला: नाव खोडलेल्या त्या नोंदींमध्ये गव्हर्नर सापडतील का? वेल्ड केंब्रिज शहरात राहत. स्वीनी यांनी त्या शहराची मतदारयादी २० डॉलर मोजून विकत घेतली. तिच्यात नाव आणि पत्त्याबरोबर जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड होता. आता दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि जुळतं का पाहायचं. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहाच मतदार निघाले. त्यांतले तीन पुरुष. त्या तिघांपैकी वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांचं निदान आणि त्यांना लिहून दिलेली औषधं समोर आली.

स्वीनी यांनी पुढे १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून हिशोब मांडला. अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांच्या बाबतीत जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड या तिन्हींचा संच दुसऱ्या कोणाशीही जुळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या एका फेरमोजणीत हा आकडा ६३ टक्क्यांपर्यंत खाली आला. वेल्ड यांच्या उदाहरणावरही आक्षेप घेतले गेले. ते प्रसिद्ध गृहस्थ होते, त्यांना रुग्णालयात नेल्याची बातमी छापून आलेली होती, आणि शहरातला प्रत्येक माणूस मतदारयादीत असतोच असं नाही. म्हणजे तो 'एकच पुरुष' खरोखर एकटाच होता, हे नुसत्या यादीवरून सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त आहेत. पण सामान्य माणसाला त्यातून दिलासा मिळत नाही. गव्हर्नरांची जन्मतारीख वर्तमानपत्राला ठाऊक असते, तशी कारकुनाची जन्मतारीख त्याच्या वरिष्ठाला, भावकीला, सोयरीक जुळवू पाहणाऱ्याला ठाऊक असते. अब्रू बहुतेक वेळा ओळखीच्याच लोकांकडून जाते.

दहा वर्षांनी हाच धडा दोनदा, मोठ्या किमतीला मिळाला. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले दोन कोटी शोध खुले केले. नावाच्या जागी प्रत्येकाला क्रमांक दिला होता. पण माणूस शोधतो काय? स्वतःचं आडनाव, स्वतःच्या गावातला कारागीर, स्वतःचं दुखणं. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी एका क्रमांकामागची वृद्ध महिला शोधून काढली आणि तिचं दार वाजवलं. कंपनीने माहिती मागे घेतली होती, पण तोवर तिच्या प्रती जगभर पोचल्या होत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सने चित्रपटांच्या शिफारशी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि स्पर्धकांसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेली दहा कोटी गुणांकनं खुली केली. यात झिप कोड नव्हता, जन्मतारीख नव्हती. कोणता चित्रपट, किती तारे, कोणत्या दिवशी, एवढंच. आयआयटी मद्रासमधून शिकून टेक्सास विद्यापीठात गेलेले अरविंद नारायणन आणि त्यांचे मार्गदर्शक व्हिताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं की तेवढंही पुरतं. एखाद्याने गुण दिलेले आठ चित्रपट माहीत असले, त्यांतले दोन चुकीचे असले आणि तारखा दोन आठवड्यांनी मागेपुढे असल्या, तरी ९९ टक्के नोंदी एकमेव ठरतात. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावर उघडपणे मतं लिहिणाऱ्या मोजक्या लोकांशी ताडून त्यांनी दोन ग्राहक ओळखूनही दाखवले. माणूस काय पाहतो यावरून त्याची राजकीय मतं, श्रद्धा, लैंगिकता यांचा अंदाज येतो. २००९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीवर दावा दाखल झाला. दावेदारांपैकी एका महिलेने स्वतःचं नाव गुप्त ठेवलं होतं. मार्च २०१० मध्ये नेटफ्लिक्सने ठरलेली दुसरी स्पर्धा रद्द केली.

नावं खोडून भागत नाही, आणि माहिती कुलपात ठेवली तर आजारांचा, वेतनाचा, शिक्षणाचा अभ्यासच थांबतो. या कोंडीतून सुटण्याची वाट तेव्हा अस्तित्वात होती. पण ती गणिताच्या शोधनिबंधांत होती, आणि ते निबंध वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाटत होतं की बाहेरच्या जगात तिचा कधी उपयोग होईल.

१९७९ मध्ये अदी शमीर यांनी गुपिताचे तुकडे करण्याची एक रीत सांगितली. शाळेतल्या भूमितीवर ती उभी आहे. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात. दोन बिंदूंतून एकच. समजा, गुपित आहे ३० हा आकडा. आलेखाच्या उभ्या अक्षाला बरोबर ३० वर छेदणारी कोणतीही एक तिरकी रेषा काढायची. त्या रेषेवरचे तीन बिंदू घ्यायचे आणि तिघांना एकेक वाटायचा. एकट्याकडच्या बिंदूवरून काहीच कळत नाही, कारण त्याच्यातून जाणारी रेषा अक्षाला कुठेही छेदू शकते. कितीही ताकदीचा संगणक आणला तरी यात फरक पडत नाही. माहितीच अपुरी आहे. दोघे एकत्र आले की मात्र रेषा ठरते आणि गुपित उघडतं.

यापुढची पायरी अधिक विलक्षण आहे. दुसऱ्या कोणाचं गुपित ५० असेल आणि त्याचेही, पहिल्याइतक्याच आडव्या अंतरांवरचे, तीन बिंदू त्याच तिघांकडे असतील, तर प्रत्येकाने आपल्याकडच्या दोन बिंदूंच्या उंचीची फक्त बेरीज करायची. त्या बेरजांचे तीन नवे बिंदू एका नव्याच रेषेवर पडतात आणि ती रेषा अक्षाला ८० वर छेदते. ३० कोणाला दिसले नाहीत, ५० कोणाला दिसले नाहीत, बेरीज मात्र हाती आली. गुणाकार आणि लहानमोठेपणाची तुलना यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, पण अशक्य नाही.

१९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी एक कोडं मांडलं, ते पुढे 'दोन लक्षाधीशांचा प्रश्न' म्हणून गाजलं. दोघा श्रीमंतांना आपल्यात जास्त धनवान कोण हे ठरवायचं आहे, पण संपत्तीचा आकडा एकमेकांना सांगायचा नाही आणि कोणा तिसऱ्यालाही सांगायचा नाही. हे करता येतं, असं याओ यांनी दाखवलं. १९८८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्याहून व्यापक गोष्ट सिद्ध केली. माणसं कितीही असोत आणि हिशोब कोणताही असो, पुरेसे लोक प्रामाणिक राहिले तर तो हिशोब एकमेकांची माहिती न पाहता करता येतो. एका गटात मायकेल बेन-ओर, शफी गोल्डवासर आणि आवी विग्डरसन होते. दुसऱ्यात डेव्हिड चॉम, क्लोद क्रेपो आणि डेन्मार्कच्या ओरहूस विद्यापीठातले इव्हान डॅमगार्ड.

त्यानंतर वीस वर्षं हे सगळं कागदावर राहिलं. संगणक संथ होते हे एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण असं की ज्यांची माहिती होती त्यांना ती झाकण्यासाठी हट्ट धरायची ताकद नव्हती. रुग्णाला कोणी विचारत नाही. तो फॉर्मवर सही करतो. हट्ट धरू शकेल असा माणूस अखेर सापडला तो बीट पिकवणारा शेतकरी.

युरोपात साखर उसाची नसते, बीटाची असते, आणि ती दशकानुदशकं अनुदानावर तगलेली होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ मध्ये निकाल युरोपविरुद्ध गेला. २००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा आधारभाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायला सुरुवात केली. डेन्मार्कमध्ये बीटाचं गाळप करणारी कंपनी एकच होती, डॅनिस्को. तिने फ्यून बेटावरचा आसेन्सचा कारखाना बंद केला. त्या भागातल्या कित्येकांना बीट परवडेनासं झालं. इतरत्र काहींना ते वाढवायचं होतं. कंपनीला किती बीट द्यायचं, याचे करार शेतकऱ्यांकडे होते आणि ते विकताही येत होते. पण आजवर असे व्यवहार फार थोडे झाले होते, तेही ओळखीपाळखीत. आता हजारो करारांची फेरवाटणी हवी होती आणि तीही लवकर.

मार्ग सरळ होता: सगळ्यांनी बोली लावायची आणि मागणी-पुरवठा जिथे जुळेल तो एक भाव सर्वांना लागू करायचा. प्रश्न असा की बोली उघडणार कोण?

डॅनिस्कोने उघडाव्यात, तर शेतकरी तयार होईनात. त्यांची शंका महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऊस उत्पादकाला एका वाक्यात कळेल. पडत्या भावातही मी बीट पिकवायला तयार आहे, असं बोलीत लिहिलं, की माझा उत्पादनखर्च कमी आहे हे कंपनीला कळलं. पुढच्या हंगामात दराची बोलणी होतील तेव्हा ती कंपनी, जी देशातली एकमेव खरेदीदार आहे, हा आकडा विसरणार नाही. आपल्याकडच्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. तिच्यात व्यापारी आणि अडत्या यांना सगळं कळायचं आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांना नेमकं उलटं हवं होतं. भाव सगळ्यांना दिसावा, बोली कोणाला दिसू नये.

मग लिलाव एकट्या संघटनेकडेच का सोपवला नाही? कारण काही शेतकऱ्यांवर डॅनिस्कोचं कर्ज होतं आणि त्याला तारण हेच करार होते. कंपनीला बाजूला ठेवून व्यवहार होऊ शकत नव्हता. एखाद्या सल्लागार संस्थेला मध्यस्थ नेमणं शक्य होतं, पण ते महाग पडलं असतं. शिवाय शेवटी एका कोणावर तरी आंधळा विश्वास टाकावाच लागला असता.

या वळणावर ओरहूसचे संशोधक पुढे आले. त्यांत डॅमगार्ड होते. त्यांच्या जोडीला लिलावाचं अर्थशास्त्र जाणणारे पीटर बोगेटॉफ्टही होते. त्यांनी मध्यस्थ माणसाची जागा तीन संगणकांना दिली. एक डॅनिस्कोचा, एक बीट उत्पादकांच्या संघटनेचा आणि एक संशोधन प्रकल्पाचा. शेतकरी घरून वेबसाइटवर बोली भरे. ती त्याच्या स्वतःच्या संगणकातून बाहेर पडण्याआधीच तिचे तीन तुकडे होत, शमीर यांच्या रीतीने. प्रत्येक तुकडा वेगळ्या किल्लीने कुलूपबंद होई आणि ती किल्ली त्या-त्या पक्षाकडेच असे. संभाव्य भाव सुमारे ४००० ठेवले होते. बोली द्यायची मुदत संपल्यावर तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडली. प्रत्येक भावाला एकूण किती टन विकायला आहेत आणि किती टनांना मागणी आहे, याच्या बेरजा तुकड्यांवरच झाल्या. मग मधला भाव घ्यायचा, मागणी जास्त की पुरवठा एवढंच विचारायचं, आणि उत्तराप्रमाणे वरचा किंवा खालचा अर्धा भाग सोडून द्यायचा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की ४००० भावांतून हवा तो भाव बाराएक तुलनांत सापडतो. शेवटी फक्त तो भाव आणि त्या भावाला कोण किती विकणार किंवा घेणार, एवढंच उघडलं. बाकीच्या बोली तुकड्यांतच राहिल्या.

ही व्यवस्था अभेद्य नव्हती. तीनपैकी दोघांनी संगनमत केलं असतं तर सगळ्या बोली उघड्या पडल्या असत्या. संशोधकांनी हे लपवलं नाही. पण कंपनी आणि शेतकऱ्यांची संघटना यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. ते एक होऊन शेतकऱ्याला फसवतील, हा धोका दूरचा होता. त्या योजनेतलं खरं शहाणपण मला इथे दिसतं. गणित सगळीकडे तेच असतं. तुकडे कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवायला माणसं आणि त्यांचे व्यवहार ओळखावे लागतात.

बोली लावणाऱ्यांना नंतर मतं विचारली तेव्हा सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं की बोली गुप्त राहणं त्यांच्यासाठी महत्त्वाचं होतं. खासगीपणाची चिंता फक्त शहरी, शिकलेल्या लोकांना असते असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच वर्षी या कामातून ओरहूसमध्ये पार्टिझिया नावाची कंपनी उभी राहिली, आणि हा लिलाव पुढच्या वर्षांतही होत राहिला.

बाल्टिक समुद्राच्या पलीकडे, एस्टोनियात, अडचण सरकारी होती. माहिती तंत्रज्ञान शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास मुलं पदवी न घेताच बाहेर पडत होती. कंपन्या मुलांना शिकता शिकताच नोकरीत ओढून घेतात म्हणून असं होतं, असा सर्वसाधारण समज. तो तपासायचा, तर कोण कधी शिकत होतं हे शिक्षण मंत्रालयाच्या नोंदींत होतं आणि कोण कधी पगार घेत होतं हे कर खात्याच्या. दोन्ही याद्या माणसागणिक जोडायला हव्या होत्या. पण करविषयक माहिती कायद्याने गोपनीय. जुना उपाय वापरून नोंदी धूसर करायच्या, तर नेमके अभ्यासाला हवे ते विद्यार्थी त्यांतून गळणार होते.

२०१५ मध्ये सायबरनेटिका या संस्थेच्या 'शेअरमाइंड' प्रणालीवर हा अभ्यास झाला. सुमारे एक कोटी कर-नोंदी आणि पाच लाखांहून अधिक शैक्षणिक नोंदी तुकड्यांच्या रूपात तीन यंत्रांवर वाटल्या गेल्या. तिथल्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी एक महत्त्वाचा निर्णय दिला: या पद्धतीत व्यक्तिगत माहितीवर प्रक्रिया होतच नाही, त्यामुळे वेगळ्या परवानगीची गरज नाही. कर खात्याने मात्र होकार देण्यापूर्वी प्रणालीचा कोड तपासला. निष्कर्ष समजाच्या विरुद्ध निघाला. शिकताना नोकरी करणं आणि पदवी वेळेत न मिळणं, यांचा संबंध सापडला नाही. एका विद्यार्थ्याचाही पगार कोणी पाहिला नव्हता, आणि वर्षानुवर्षं उगाळलेला एक तर्क मात्र खोटा पडला.

बॉस्टन शहरात प्रश्न स्त्रियांच्या पगाराचा होता. महापौर थॉमस मेनिनो यांच्या काळात, २०१३ मध्ये, शहरातल्या कंपन्यांना एका करारावर सह्या करायला बोलावलं गेलं. स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत मोजण्यासाठी आपापल्या पगाराचे आकडे द्यायचे, हा त्यातला एक भाग. या कामाची सूत्रं ज्या महिला परिषदेकडे होती, तिच्या प्रमुखांपैकी एक इव्हलिन मर्फी. मर्फी अर्थतज्ज्ञ, आणि वेल्ड यांच्या आधीच्या राजवटीत मॅसॅच्युसेट्सच्या लेफ्टनंट गव्हर्नर होत्या. कंपन्यांनी सह्या केल्या, पण आकडे देण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे वकील आडवे आले. तफावत उघड करणारा कागद कोणाच्याही कपाटात पडून राहिला, तर उद्या तोच न्यायालयात पुरावा म्हणून येईल, ही भीती.

बॉस्टन विद्यापीठातल्या अझेर बेस्ताव्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी जी व्यवस्था बांधली, ती डेन्मार्कहून साधी होती, कारण इथे मुख्यतः बेरजाच हव्या होत्या. कंपनीतला मनुष्यबळ विभागाचा कर्मचारी ब्राउझरमधल्या तक्त्यात आकडे टाके. ब्राउझर प्रत्येक आकड्यात एक यादृच्छिक संख्या मिसळे. मिसळलेला आकडा विद्यापीठाकडे जाई आणि ती यादृच्छिक संख्या कुलूपबंद होऊन परिषदेकडे. विद्यापीठाला निव्वळ गोंधळ दिसे, परिषदेलाही. सगळ्या कंपन्यांच्या बेरजा झाल्यावर एकातून दुसरी वजा केली की शहराचा आकडा निघे, कोणा एका कंपनीचा नाही. यातलं निम्मं काम गणिताचं, निम्मं समजावण्याचं होतं. वकिलांना आणि मनुष्यबळ अधिकाऱ्यांना बसवून, तुमचा आकडा कोणाकडेच जात नाही हे त्यांना पटेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. २०१६ च्या फेरीत ६९ संस्थांनी १,१२,६०० कर्मचाऱ्यांचे आकडे दिले. पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीला ७७ सेंट, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी सहभागी संस्थांची संख्या ११४ झाली.

या पद्धतीने सगळं सुटतं असं नाही. बेरीज झाकून केली तरी उत्तर उघडच असतं, आणि उत्तरातूनही माणूस निसटून बाहेर येऊ शकतो. दहा जणांच्या कचेरीचा एकूण पगार काल जाहीर केला आणि आज अकरावा रुजू झाल्यावर पुन्हा केला, तर वजाबाकी कोणीही करेल. त्यासाठी २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी उत्तरातच मोजूनमापून थोडी चूक मिसळण्याची रीत दिली, आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे त्याच तत्त्वावर प्रसिद्ध केले. तुकड्यांची पद्धत आणि चूक मिसळण्याची पद्धत, दोन्ही एकत्र वापराव्या लागतात.

भारतात या प्रश्नाला तोंड फुटलं ते वेगळ्या वाटेने. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. दोन वर्षंही झाली नव्हती, तोच मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं. 'वाहन' आणि 'सारथी' या डेटाबेसमध्ये तेव्हा सुमारे २५ कोटी वाहनांच्या आणि १५ कोटी परवान्यांच्या नोंदी होत्या. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये, शैक्षणिक संस्थेला पाच लाख, असा दर ठरला. दुसऱ्या याद्यांशी जोडून माणसं ओळखली जाऊ शकतात, ही शक्यता धोरणाच्या मसुद्यानेच मान्य केली होती. स्वीनी यांनी २० डॉलरच्या यादीने जे केलं होतं, ते इथे कागदावर लिहून ठेवलं होतं आणि तरीही विक्री सुरू झाली. जुलै २०१९ मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत सांगितलं की या डेटाबेसमधली माहिती ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना उपलब्ध करून दिली आहे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत.

जून २०२० मध्ये गैरवापराच्या आणि खासगीपणाच्या भीतीने मंत्रालयाने हे धोरण मागे घेतलं. निर्णय योग्यच होता. पण डेन्मार्कचा लिलाव होऊन तेव्हा बारा वर्षं उलटली होती, आणि मंत्रालयासमोर पर्याय आले ते दोनच: सगळं विकायचं किंवा सगळं बंद करायचं. धोरण रद्द झालं त्या दिवशी रस्ते अपघातांचा, वाहनांच्या धुराचा, शहरांच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांसाठी ठेवलेली पाच लाखांची वाटही त्याबरोबर बंद झाली.